उडती कार : अडचण नेमकी कुठे आहे?

प्रश्न : स्लोव्हाकियात एका कारने विमान होऊन दोन शहरांमध्ये उड्डाण केल्याचे वाचले. एवढे जमत असेल तर अशा गाड्या बाजारात का दिसत नाहीत? पुणे-मुंबई प्रवासात घाटात अडकणाऱ्या आमच्यासारख्यांना त्यांचा उपयोग होईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण वाचलेली घटना खरी आहे. श्टेफान क्लाइन यांची ‘एअरकार’ २८ जून २०२१ रोजी नित्राहून ब्रातिस्लाव्हाला ३५ मिनिटांत पोहोचली आणि उतरल्यावर पंख मिटून रस्त्याने शहरात गेली. जानेवारी २०२२ मध्ये तिला उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्रही मिळाले. त्याच्या कितीतरी आधी, १९४९ साली, अमेरिकेत मोल्टन टेलर यांची ‘एरोकार’ उडाली होती. रस्त्यावर ती आपले पंख ट्रेलरसारखे मागे ओढत नेई. १९५६ मध्ये तिला सरकारी मंजुरी मिळाली, तरी अशी वाहने मोजकीच बनली.

या कल्पनेचे आकर्षण मला मुळीच पोरकट वाटत नाही. छोट्या विमानाचा वैमानिक गावाबाहेरच्या धावपट्टीवर उतरला की पुढच्या प्रवासासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहतो, आणि वाटेत हवामान बिघडले तर त्याचा सगळा बेत फिसकटतो. उतरून रस्त्याने पुढे जाता येणे ही त्याच्यासाठी मोठीच सोय आहे.

मात्र रस्त्याला हवी असलेली गाडी आणि आकाशाला हवे असलेले यंत्र यांच्या गरजा परस्परविरोधी आहेत. धडक सोसणारा सांगाडा हवेत निव्वळ ओझे होतो, तर पंख रस्त्यावर. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की रोजच्या वापरातल्या गाडीला कुठे ना कुठे धक्का लागतोच आणि आपण तो पोचा तसाच ठेवून गाडी चालवतो. पण तोच धक्का पंखाच्या बिजागरीला लागला असेल, तर जाणकार तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय पुन्हा उड्डाण करणे जिवावर बेतू शकते.

शिवाय एअरकारला उड्डाणासाठी सुमारे ३०० मीटर धावपट्टी आणि चालकाला वैमानिकाचा परवाना लागतो. म्हणजे घाटातल्या कोंडीतून तिथल्या तिथे वर उठणे तिला शक्य नाही. सरळ वर उठणारी विजेवरची वाहने वेगळी आहेत, पण तीही बहुतेक रस्त्यावर चालण्यासाठी बनवलेली नसतात. शिवाय एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा असते, तर एक किलो लिथियम-आयन बॅटरीत साधारण पाव युनिट. विजेची मोटर बरीच कार्यक्षम असली तरी ही तफावत भरून निघत नाही. अशी विजेवरची वाहने बनवू पाहणाऱ्या जर्मनीतील लिलियम आणि व्होलोकॉप्टर या दोन्ही कंपन्यांनी २०२४ च्या अखेरीस दिवाळखोरीसाठी अर्ज केले, यावरून हा मार्ग किती खर्चिक आहे हे दिसते.

घाटापुरते बोलायचे तर, रस्त्यावरच्या हजारो गाड्यांपैकी थोड्या जरी हवेत गेल्या, तरी त्यांच्यात सुरक्षित अंतर राखणे आणि पावसाळ्यातल्या धुक्यात त्या उतरवणे हे रस्त्यावरच्या कोंडीपेक्षा अवघड काम ठरेल. तेवढाच पैसा वाढीव रेल्वेमार्गांवर खर्च झाला, तर आपला प्रवास अधिक लवकर सुकर होईल, असे माझे स्पष्ट मत आहे.