पळायला सुरुवात करतोयस तर

प्रिय मित्रा,

मधुमेह असताना संध्याकाळी शिवाजी पार्कला पळायला जाणार म्हणतोस, तर आधी इन्सुलिन टोचायची जागा बदल. मांडीत टोचून लगेच पळालास की पायातला रक्तप्रवाह वाढतो आणि औषध नेहमीपेक्षा लवकर रक्तात उतरतं. पोटावर टोच. सुई 4 मिलिमीटरचीच घे. लांब सुई बारीक मुलांच्या स्नायूत शिरते आणि मग शुगर झपकन कोसळते.

बसलेलं असताना हृदय मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त ढकलतं, जोरात पळताना 20 पर्यंत. यातलं बहुतेक स्नायूंकडे जातं, कारण तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यांच्या आतल्या अस्तरातून सुटणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू या कामी मदत करतो. शुगर वर्षानुवर्षं चढी राहिली की हे अस्तर कोवळ्या वयातच मंदावतं, वरून काही दिसत नाही. नियमित व्यायामाने ते सुधारतं, म्हणून तू पळावंस असंच माझं मत आहे.

मुंबईच्या दमट हवेत घाम सुकत नाही. अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं आणि स्नायूंचा वाटा घटतो. त्यात चढ्या शुगरमुळे लघवीवाटे पाणी गेलेलं असेल तर नाडी उगाच धडधडते. ऑक्टोबरात तर पाणी पिऊनच निघ.

निघण्याआधी हात धुऊन शुगर तपास. 126 ते 180 mg/dL मध्ये खुशाल पळ. 90 च्या खाली असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण 3 चमचे, घे आणि शुगर 90 च्या वर गेल्याशिवाय पळू नकोस. वडापाव नको, तेलामुळे साखर उशिरा चढते. 270 च्या वर असेल तर किटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळून बनवतं ती आम्लं) बघ, रक्तात 1.5 mmol/L किंवा जास्त आले तर त्या दिवशी सुट्टी. जेवणानंतर लगेच पळणार असशील तर त्या जेवणाचा डोस किती कमी करायचा, हे डॉक्टरांशी बोलून ठरव.

जोराच्या स्प्रिंटनंतर शुगर वर गेलेली दिसेल. ती अ‍ॅड्रेनलिनची करामत. घाईने इन्सुलिनचा पूर्ण डोस मारू नकोस, तासाभरात उतरते बहुधा. बसल्या जागी नाडी कायम शंभरावर असेल किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर मात्र पळण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घे.

स्नायू रात्रभर साखर ओढत राहतात. पहाटे 2-3 च्या सुमारास शुगर घसरू शकते, तेव्हा सुरुवातीचे काही दिवस गजर लाव आणि पहिल्या आठवड्याचे आकडे मला पाठव.