एसजीपीटी नॉर्मल, तरी फायब्रोस्कॅन कशासाठी?

"रिपोर्ट नॉर्मल आहे, तरी डॉक्टर आणखी तपासणी का सांगतात?" यकृतविकार विभागातील समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. पतसंस्थेतून निवृत्त झालेले, मधुमेह असलेले ५८ वर्षांचे एक हिशेबनीस (ओळखीचे तपशील बदलले आहेत) पत्नीसह आले, तेव्हा त्यांच्या स्वरात काळजीपेक्षा संशयच अधिक होता. यकृताच्या रक्ततपासणीत मोजली जाणारी दोन एन्झाइम्स, एसजीओटी ४८ आणि एसजीपीटी ३६; प्लेटलेट १ लाख ३० हजार.

"मॅडम, दारूला मी कधी शिवलो नाही. एसजीपीटीही मर्यादेत आहे."

मधुमेहामुळे यकृतात चरबी साचून दारूविनाही व्रण (इजा भरून येताना राहणाऱ्या कडक खुणा) होऊ शकतात, हे त्यांना प्रथम सांगितले. एसजीपीटी यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात उतरते. म्हणजे ते सध्याची झीज दाखवते, वर्षानुवर्षे साठलेले व्रण नाही. एसजीपीटी ज्या तपासणीत येते, तिचे 'लिव्हर फंक्शन टेस्ट' हे नावच मला फसवे वाटते. "काका, ही रोजकीर्द झाली, ताळेबंद नव्हे," असे म्हटल्यावर ते सावरून बसले.

मग फिब-४ चे, म्हणजे व्रणांचा अंदाज देणाऱ्या आकड्याचे, गणित त्यांनाच करायला दिले: वय गुणिले एसजीओटी, आणि त्याला हजारांतील प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ या संख्येने भागायचे. उत्तर ३.५७ आले. १.३ च्या खाली (पासष्टीनंतर २ च्या खाली) गंभीर व्रणांची शक्यता कमी असते, २.६७ च्या वर ती बरीच वाढते. प्लेटलेटचा येथे संबंध काय, हे त्यांनी विचारलेच. व्रणांमुळे यकृतातून रक्त सहज वाहत नाही, प्लीहा सुजते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून राहतात.

"म्हणजे सिरॉसिस?" व्रणांनी यकृत कडक होण्याच्या आजाराचे नाव घेत पत्नीने विचारले. तसे या आकड्यावरून ठरत नाही, कारण डेंग्यूतही प्लेटलेट उतरतात आणि स्नायूंना इजा झाली तरी एसजीओटी वाढते, म्हणूनच फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा बाहेरूनच मोजणारी तपासणी. बायॉप्सीची त्यांना धास्ती होती; पण सुईने येणारा तुकडा यकृताच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढाच असतो, आणि आता अनेकांना तिची गरजही पडत नाही.

स्कॅनमध्ये सिरॉसिसची सुरुवात आढळली. यकृताचे काम दाखवणाऱ्या अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि आयएनआर या रक्ततपासण्या मात्र ठीक होत्या, म्हणजे यकृत अजून आपले काम भागवत होते. साखर आणि वजन आटोक्यात ठेवण्याबरोबरच यकृताच्या कर्करोगावर लक्ष ठेवण्यासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी ही रक्ततपासणी ठरली. कर्करोग असूनही एएफपी कधीकधी वाढत नाही, त्यामुळे सोनोग्राफी चुकवू नका, असे मी दोनदा बजावले.

पुढच्या भेटीला काका आखलेली वही घेऊन आले. पहिला रकाना प्लेटलेटचा होता, एसजीपीटीचा शेवटचा.