आधी आपल्या पायांवर

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

रविवारी मडगावच्या नाचाच्या वर्गात 'पोट आत घे' ही माझी सूचना तू इतकी मनावर घेतलीस, की वॉल्ट्झच्या, म्हणजे तीन मात्रांवर जोडीने करायच्या नाचाच्या, तिसऱ्या फेरीपर्यंत तुझे खांदे कानांशी आले होते. सूचनाच अपुरी होती, म्हणून हे पत्र. पोट आवळून धरले की श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, खाली सरकायला जागा उरत नाही, मग श्वास मानेच्या आणि खांद्यांच्या स्नायूंनी ओढावा लागतो, आणि ज्या हातांना जोडीदाराचा इशारा कळायचा तेच हात ताठ होतात.

त्याऐवजी 'स्स' असा बारीक आवाज करीत सावकाश श्वास सोड. श्वास संपत येताना बेंबीखाली आणि कमरेभोवती जो ताण जाणवतो, तो पोटाच्या सर्वांत आतल्या आडव्या स्नायूचा असतो. त्यातला थोडासाच राखून ठेव आणि पुढचा श्वास बरगड्यांच्या बाजूंना व पाठीकडे भरू दे. नाचताना सहज बोलता आले तर ताण योग्य आहे, वाक्य तुटू लागले तर तो जास्त झाला असे समज.

तुझी दुसरी अडचण जोडीदारावर रेलण्याची, आणि ती, मला वाटते, फुगडीतून आलेली आहे. फुगडीत दोघी हात गुंफून मागे रेलतात, तोल दोघींत वाटलेला असतो, आणि तिथे ते शोभते. वॉल्ट्झमध्ये मात्र जोडीदाराने अचानक हात काढून घेतले तरी तुझे पाऊल डळमळता कामा नये. तुझा डावा हात त्याच्या दंडावर टेकलेला असावा, त्यावर तुझे वजन नको.

उभे कसे राहायचे, हे डोक्यावर भरलेली कळशी घेऊन चालणाऱ्या बाईकडून शिकावे. ती हनुवटी उचलत नाही की छाती फुगवत नाही. माथा वर, नजर समोर, गुडघे सैल, आणि चालीचा सगळा हेलकावा कमरेखालीच जिरतो. वजन तळव्याच्या पुढच्या भागाकडे असू दे, पण टाच जमिनीवरून उचलू नकोस.

मैत्रिणीच्या लग्नाच्या हॉलमध्ये फरशी गुळगुळीत असेल, म्हणून घरीही नाचाच्याच बुटांत सराव कर. येत्या रविवारी पहिली 10 मिनिटे आपण जोडीदाराशिवाय, तीन मात्रा मोजत, नुसते चालणार आहोत.

तुझा,
सर