सोपारा बघायचा तर खाडीपासून

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. प्रबंधासाठी तू सोपाऱ्याचं जुनं बंदर घेतलंस, फार बरं वाटलं. पण त्याच पत्रात खाली लिहिलंस की कॉलेजात कुणी ‘राहतेस कुठे’ विचारलं की तू ‘विरार साइडला’ म्हणून वेळ मारून नेतेस, नालासोपाऱ्याचं नाव घेत नाहीस. ते वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि थोडा वेळ नुसतीच बसून राहिले. म्हणून आधी त्याबद्दल लिहिते, प्रबंधाचं मागून.

नाळे आणि सोपारे या दोन गावांची नावं जोडून तुझ्या स्टेशनचं नाव झालं. त्यातल्या सोपाऱ्याचं नाव महाभारतात शूर्पारक आहे, बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या पाली जातककथांत सुप्पारक, इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-पुस्तकात सुप्पारा आणि अरबी लेखकांच्या तोंडी सुबारा. सकाळी सातच्या लोकलमध्ये चढताना इंडिकेटरवर तू जे वाचतेस, ते हेच नाव. दोन हजार वर्षांत ते एवढंच झिजलं.

कामाला लागशील तेव्हा पुस्तकापासून सुरुवात करू नकोस, पाण्यापासून कर. स्टेशनवर उभं राहून समुद्र दिसत नाही, मग इथे बंदर कसं, हा प्रश्न तुलाही पडला असेल. सोपारा उघड्या समुद्रावर कधी नव्हताच. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, मधल्या या पट्ट्यात आत शिरलेल्या खाड्या. गलबतं आत यायची आणि वाऱ्यापासून सुरक्षित राहायची. माल घाटावर जायचा तो कल्याण, नाणेघाट, जुन्नर या वाटेने. पुढे खाड्या गाळाने भरत गेल्या. त्या जागी खाजण, मिठागरं, भातशेती आली आणि अलीकडच्या तीसचाळीस वर्षांत भरणी करून इमारती. जुलै २०१८मध्ये तुझ्या स्टेशनातले रूळ पाण्याखाली गेले, गाड्या बंद पडल्या, तेव्हा तू चिडून मला फोन केला होतास. ते पाणी कुठून आलं आणि त्याला कुठे जायचं होतं, हे जुन्या नकाशावर बोट ठेवून बघ. प्रबंधाचं पहिलं प्रकरण तिथेच आहे.

बंदर फक्त गाळाने मरतं असं मात्र लिहू नकोस. पेरिप्लसमध्ये कल्याणबद्दल एक फार बोलकी ओळ आहे: तिथल्या व्यापारावर बंधनं आली होती आणि चुकून तिकडे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात गुजरातेतल्या भडोच बंदराला नेली जात. दख्खनचे सातवाहन राजे आणि पश्चिमेचे शक क्षत्रप यांच्या झगड्यात कोकणचा किनारा असा ओढला जात होता. पुढे पोर्तुगीजांनी १५३४ साली वसई घेतली, तिथे किल्ला आणि शहर उभं राहिलं, आणि १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकला. हे सगळ्यांना पाठ असतं, त्यावर पानं खर्चू नकोस.

पानं खर्च ती १८८२च्या उत्खननावर. ते करणारे पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजी हे जुनागढचे. गिरनारचा अशोकाचा लेख वाचायचा म्हणून लहानपणी ब्राह्मी अक्षरांचा तक्ता मिळवून स्वतःच लिपी शिकलेले. त्या वर्षीच्या एप्रिलात त्यांनी सोपाऱ्याच्या ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणतात त्या टेकाडात खणलं. गावात समजूत होती की हा कुणा बुरूड राजाचा किल्ला. निघाला विटांचा स्तूप. मधोमध दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, भोवती आठ बुद्धांच्या छोट्या ब्राँझच्या मूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा करंडक, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. सोबत सोन्याची फुलं आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं. आणि सगळ्यात आत, सोन्याच्या डबीत, मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे, या श्रद्धेने ठेवलेले. हा ऐवज मुंबईला एशियाटिक सोसायटीकडे आहे. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा सोन्याकडे माझं लक्षच गेलं नाही. खापरीच्या तुकड्यासाठी कुणी एवढी घरं एकात एक बांधली, हेच मनात राहिलं.

अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षी सोपाऱ्यातच मिळाला, आणि नवव्याचा १९५६ साली जवळच्या भुईगावात. दोन्ही छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. नववा लेख पूर्ण वाच, इतर ठिकाणच्या प्रती उपलब्ध आहेत. आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना मंगलविधी करतात, असं राजा म्हणतो. खरं मंगल म्हणजे दास-नोकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान, प्राण्यांबाबत संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. बंदरावर हमाल, खलाशी, व्यापारी यांच्या गर्दीत हा लेख लावलेला होता, हे डोळ्यासमोर आण.

एक सावधगिरी. बायबलात सोन्यासाठी नावाजलेलं ओफीर म्हणजेच सोपारा, असं तुला दहा जण छातीठोक सांगतील. काही अभ्यासकांनी तसा तर्क केला होता, सिद्ध काही झालेलं नाही. ज्या गावाकडे शिलालेख आहेत त्याला अशा उसन्या मोठेपणाची गरज नाही. लिहायचंच तर नाशिकच्या लेण्यातला उषवदाताचा लेख घे. क्षत्रप राजा नहपानाच्या या जावयाने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग म्हणजे आपला सोपारा इथे प्रवाशांसाठी निवारे बांधले, दमण-डहाणूच्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. कार्ल्याच्या चैत्यगृहात सोपाऱ्याच्या एका भिक्खूने दिलेला खांब आहे, त्यावर गावाचं नाव कोरलेलं आहे. त्याला ते सांगायला संकोच वाटला नव्हता.

आता तुझ्या घराबद्दल. तुझे आजोबा गिरणी बंद पडल्यावर परळची खोली सोडून इथे आले, ‘आम्ही मूळचे नाही’ असं तुझी आई अजून म्हणते. तिला सांग की सोपाऱ्यात बाहेरून येणाऱ्यांसाठी निवारे बांधणारा माणूस पहिल्यादुसऱ्या शतकात होऊन गेला. मूळच्या वाडवळ, सामवेदी, कोळी कुटुंबांकडे केळीच्या बागांच्या आणि आगाशीच्या सुकेळ्यांच्या आठवणी आहेत, त्या जरूर टिपून घे. पण गाळ्यात शिलाई मशिन चालवणारा बिहारचा मुलगा आणि टँकरच्या रांगेतली तुझी आईसुद्धा याच बंदराच्या इतिहासात येतात. त्यांना परिशिष्टात टाकू नकोस.

येत्या रविवारी भेटू. आधी चक्रेश्वर तळ्यावर जाऊ, तिथे देवळात जुनी शिल्पं ठेवली आहेत, त्यातला उभा ब्रह्मदेव तुला दाखवायचा आहे. मग कोट, आणि ऊन उतरल्यावर गासच्या बाजूने खाडीकडे. चपला घालून येऊ नकोस, बूट घाल, चिखल असतो. ओहोटीची वेळ बघून मला कळव, म्हणजे त्या हिशेबाने डबा करते.

तुझ्या
इतिहासाच्या बाई