तीन किलोमीटर म्हणजे किती तास?

प्रश्न : पुढच्या महिन्यात आम्ही सात जण डोंगराळ भागातल्या एका गावी दोन दिवस राहणार आहोत. बरोबर ९ वर्षांचा मुलगा आणि ६२ वर्षांच्या सासूबाई आहेत. जवळच्या माथ्यावर जायची वाट एका बाजूने ३ किलोमीटर, चढ ४५० मीटर. रोज सकाळी आम्ही सगळेच पाऊण तासात ४ किलोमीटर चालतो. जेवून दोनला निघालो तर माथ्यावरून सूर्यास्त बघून परत येता येईल ना?

उत्तर : सूर्यास्त बघता येईल. परत यायचं मात्र अंधारात.

किलोमीटर हे सपाटीवरचं माप. डोंगरात आधी चढ मोजायचा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा हिशेब मांडला, तो आजही चालतो. दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला वर आणखी एक तास. तुमचे ३ किलोमीटर म्हणजे ३६ मिनिटं, चढाची ४५ मिनिटं, एकूण ८१. पण हा हिशेब न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा. नऊ वर्षांचा मुलगा पहिला अर्धा तास तुमच्या पुढे पळेल आणि नंतर प्रत्येक दगडावर बसेल. मी तुमच्यासाठी दुप्पट धरतो, पावणेतीन तास. म्हणजे पावणेपाचला माथा. पुढे सूर्य बुडेपर्यंत थांबायचं आणि मग उतरायचं.

उतरायला निम्मा वेळ लागतो हा गैरसमज फार पसरलेला आहे. मळलेली, रुंद वाट असेल तर ठीक. घसारा, म्हणजे पायाखाली सरकणारी सुटी माती-खडी, लागला की उतार चढापेक्षा हळू होतो, आणि दिवसभर दमलेल्या मांड्यांना दर पावलाला अंगाचं वजन सावरावं लागतं. निघण्याआधी बुटाची नाडी घोट्यापाशी घट्ट आवळायला सांगा, नाहीतर अंगठे पुढे आपटून नखं काळी पडतात. हे मी एका काळ्या नखाचा मालक म्हणून सांगतोय.

सूर्यास्ताच्या मोहाचा किस्साही माझाच. आम्ही चौघे, टॉर्च दोन. जाताना डोंगराच्या दोन सोंडा, म्हणजे खाली उतरत जाणाऱ्या धारा, जिथे फुटत होत्या, ती जागा दिवसा इतकी स्पष्ट होती की कोणी मागे वळून पाहिलंही नाही. अंधारात दोन्ही सोंडा सारख्याच. आम्ही चुकीची धरली, कड्याच्या टोकाशी पोचलो आणि मग शहाणपण सुचून तिथून मागे सरकून उजाडेपर्यंत बसून राहिलो. मोबाइलचा दिवा कुलपाचं भोक शोधायला बरा. वाट शोधायला डोक्याला बांधायचा टॉर्च हवा, माणशी एक.

तेव्हा सकाळी साडेसहाला निघा. परतीची वेळ घरीच ठरवा, समजा साडेदहा, आणि ती वाजली की माथा शंभर पावलांवर असला तरी फिरा. सासूबाईंना काय हवंय ते आधी त्यांनाच विचारा. कदाचित तुमच्यात सगळ्यात सावकाश, न थांबता चालणाऱ्या त्याच निघतील. अर्ध्यावर थांबणार असतील तर कोणीतरी सोबत बसा, एकटं ठेवू नका. सूर्यास्तासाठी गावाजवळचं, पश्चिमेला मोकळं असलेलं एखादं टेकाड शोधा. दरीत राहत असाल तर पंचांगातल्या वेळेवर जाऊ नका, सूर्य त्याच्या बराच आधी डोंगराआड जातो.

प्रश्न : धबधब्याखालच्या डोहात पाणी गुडघाभरच असेल तर मुलांना उतरवावं का?

उत्तर : वर डोंगराकडे आभाळ भरलेलं असेल तर नाही, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरीही. पाऊस वरच्या पठारावर पडतो आणि पाणी तुमच्यापर्यंत येतं. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, आवाज बदलला, की चपला शोधत न बसता काठावर उंच चढायचं.

प्रश्न : मित्राने कड्यावरून खालच्या धुक्यात स्वतःची सावली आणि तिच्याभोवती रंगीत वलय पाहिलं म्हणे. शेजारी उभ्या माणसाला ते मित्राच्या सावलीभोवती दिसलं नाही. थाप आहे का?

उत्तर : उलट तोच खरेपणाचा पुरावा. याला आपण इंद्रवज्र म्हणतो. जर्मनीतल्या ११४१ मीटर उंचीच्या ब्रोकन शिखरावरून युरोपात त्या सावलीला नाव मिळालं. सूर्य पाठीशी आणि क्षितिजाजवळ असावा, समोर दरीत दाट धुकं. धुक्याचे बारीक थेंब प्रकाश आल्या दिशेने परत फिरवतात, म्हणून वलयाचा मध्य नेमका बघणाऱ्याच्या डोक्याच्या सावलीवर येतो. शेजाऱ्याला वलय दिसतं, पण त्याच्या स्वतःच्या डोक्याभोवती. विमानाच्या खिडकीतून खालच्या ढगांवरही ते सापडतं. मी डोंगरात आजवर दोनदाच पाहिलंय, आणि दोन्ही वेळा कॅमेरा पिशवीच्या तळाशी होता.