इंग्रजी मायनर बदलायचंय? 'करून देऊ'वर विसंबू नकोस

वयाने बरीच मोठी आहे म्हणून अरेतुरे करतेय, राग मानू नकोस. तू लिहिलंयस की मेजर (मुख्य विषय) अर्थशास्त्र, एसवायला मायनर (दुय्यम विषय) इंग्रजी घेतलं ते बोलणं सुधारेल म्हणून, आणि पुढ्यात आले स्वनिम-रूपिम, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारे ध्वनी आणि शब्दाचे अर्थ असलेले सगळ्यात छोटे तुकडे. त्यात दोन्ही विभागांची लेक्चर्स एकाच वेळी. आता मायनर बदलायचंय आणि ऑफिसच्या खिडकीवर सांगितलंय, "अर्ज ठेवून जा, करून देऊ." ते 'करून देऊ' वाचलं आणि माझ्या पोटात गोळाच आला.

मीही पुण्यातच बीए केलं, समाजशास्त्र स्पेशल. कॉलेजचं नाव घेत नाही. तेव्हा वार्षिक पॅटर्न होता, ८० ची लेखी, २० ची अंतर्गत. एसवायला इतिहास सोडून इंग्रजी जनरल घ्यायचं ठरवलं. वहीचं पान फाडून अर्ज लिहिला नि ऑफिसात दिला. "झालं, जा." गेले! वर्षभर इंग्रजीच्या वर्गात बसले. मॅडमनी हजेरीपटात शेवटी पेनाने माझं नाव घातलं होतं, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. परीक्षा फॉर्मवर विषयांचे नुसते कोड होते, मी न बघता सही ठोकली. हॉल तिकिटावर बघते तर इतिहास.

ऑफिसचं म्हणणं, असा अर्ज आलाच नाही. इंग्रजीवाले म्हणाले, तू समाजशास्त्राची, तिकडे विचार. समाजशास्त्रवाले म्हणाले, इंग्रजीचं आम्हाला काय ठाऊक? दोन घरचा पाहुणा उपाशी, तो हा असा. एक धडाही न वाचता इतिहासाचा पेपर दिला आणि व्हायचं तेच झालं. इंग्रजीची अंतर्गत परीक्षा दिली होती, तिचे गुण कुठल्याच खात्यात नाहीत. तो बॅकलॉग निघेपर्यंत पदवी अडकली आणि एमएचं एक वर्ष गेलं. त्या खिडकीवर अजून राग आहे, पण पोच न घेण्याचा गाढवपणा माझाच.

तेव्हा अर्जाच्या दोन प्रती कर. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय हलू नकोस. का-कू केली तर सरळ प्राचार्यांकडे जा. परीक्षा फॉर्मवरचा प्रत्येक कोड सिलॅबसशी ताडून बघ. तुमची क्रेडिट्स आता अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे एबीसी नावाच्या सरकारी ऑनलाइन खात्यात जमा होतात (आमच्या पिढीला एबीसी म्हणजे अप्पा बळवंत चौक, पुण्यातला पुस्तकांचा बाजार), निकालानंतर तिथेही डोकाव. नियम कॉलेजगणिक वेगळे, स्वायत्त असेल तर आणखीच वेगळे, आणि मी जुन्या पॅटर्नची. त्यामुळे मुदतीचं वगैरे परिपत्रक तुझं तूच वाच.

पण विषय सोडायचाच का? माझं मत विचारशील तर नको. बोलणं सुधारायला मायनर कशाला लागतं, रोज कुणाशी तरी बोललं की झालं. हा भाषेचा अभ्यास आहे, ही गोष्टच वेगळी. तोंडासमोर तळहात धर आणि 'किट' म्हण, मग 'स्किट' म्हण. इंग्रज माणूस पहिल्यात हवेचा झोत सोडतो, दुसऱ्यात नाही, आणि त्याला दोन्ही 'क' एकच वाटतात. आपल्याला 'काल' आणि 'खाल' वेगळे ऐकू येतात, कारण मराठीत त्या झोताने अर्थ बदलतो. स्वनिमाची व्याख्या घोकणाऱ्यांना जे कळत नाही ते तुला घरबसल्या कळलं. इंग्रजीत अक्षरं २६ आणि प्रमाण ब्रिटिश उच्चारात ध्वनी साधारण ४४, म्हणून मुलं बिचकतात. आपल्याकडे तरी काय, 'जग फिरायचंय' आणि 'तू मनासारखं जग' यांत अक्षर तेच, ज मात्र दोन. हे मला एसवायच्या त्या वर्गात कळलं, ज्याचा मार्कशीटवर मागमूस नाही. पुढे एमए भाषाविज्ञानात केलं ते त्यामुळेच.

लेक्चर्स एकावर एक येतात त्याचं आधी बघ. दुसऱ्या तुकडीत बसायची परवानगी दोन्ही विभागप्रमुखांकडून लेखी घे. तोंडी नको, एवढं तरी ऐक.

आणि ध्वनिचिन्हांचं पुस्तक नवं कोरं घेऊ नकोस. अप्पा बळवंतला जुनं मिळतं, फक्त मागचा तक्ता फाटलेला नाही ना ते तिथेच उघडून बघ. माझ्यातला फाटलेला निघाला होता.