आजोबांच्या कॅसेटी आणि पोराचं करिअर

कुडाळहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा बीएस्सी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला, आजोबांनी जत्रेत रेकॉर्ड केलेल्या दशावताराच्या कॅसेटी दिवसभर कॉम्प्युटरवर उतरवत बसतो, आणि आता म्हणतो मला हेच काम करायचंय. यात पोट भरेल का, असं त्या विचारतात.

ताई, नुसत्या कॅसेटी उतरवून नाही भरणार, ते काम कुठलाही फोटो स्टुडिओवाला करून देतो. पण उतरवलेली फाईल वीस-तीस वर्षांनी उघडली पाहिजे, हे बघणारी माणसं आपल्याकडे खरंच कमी आहेत, आणि त्यासाठी आयटीच लागतं, म्हणून डिग्री अजिबात सोडू देऊ नका. बॅकअप, सर्व्हर, एलटीओ टेप (डेटा वर्षानुवर्षं साठवायची मॅग्नेटिक टेप), फाईलमधला एक बिट जरी बदलला तरी चेकसम, म्हणजे फाईलवरून काढलेला तपासणीचा आकडा, काढून ते ओळखणं, सगळं त्याच्याच लाईनीतलं. डिग्रीनंतर एक वर्षाचं बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, करू दे, मुक्त विद्यापीठातूनही होतं.

नोकऱ्या कुठे? पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं, मुंबईत जुने सिनेमे जपणारं फिल्म हेरिटेज फाउंडेशन, ते वर्कशॉप पण घेतात, गुरुग्रामला लोकसंगीताचा मोठा संग्रह असलेलं एआरसीई हे संशोधन केंद्र. पण खरं सांगू का, अशा जागा मोजक्याच आणि बऱ्याचदा प्रोजेक्टपुरत्या, त्यामुळे चॅनेल आणि ओटीटीवाल्यांच्या मीडिया ॲसेट मॅनेजमेंटकडेही, म्हणजे त्यांच्या व्हिडिओ-ऑडिओ फाईली सांभाळणाऱ्या विभागाकडेही, डोळा ठेवायचा, तिथे हेच स्किल लागतं.

आता त्याच्यासाठी. एमपी३ मध्ये सेव्ह करत असशील तर थांब, त्यात कापून टाकलेला आवाज परत येत नाही. वेव्ह (WAV) फाईल कर, त्यात आवाज कापला जात नाही, ९६ किलोहर्ट्झ २४ बिट, तासाला साधारण २ जीबी होतात, होऊ देत. तीन कॉप्या, साठवणीच्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, मुंबईच्या मामाकडे ठेवली तरी चालेल. पेनड्राइव्हवर भरवसा नको. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात टेपला बुरशी धरते, पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट डेकमध्ये, म्हणजे कॅसेट प्लेअरमध्ये, घालूच नकोस, टेप वाचणारं हेड खराब होईल आणि पुढच्या कॅसेटलाही लागेल. आधी माहितगाराकडून साफ करून घे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक फाईलसोबत कुठली जत्रा, कुठलं मंडळ, संकासुर कोणी केला, मृदंगावर कोण, हे आजोबांना विचारून लिहून ठेव. दशावतारात संवाद बहुतेक उत्स्फूर्तच, हातात लिहिलेली संहिता नसते, म्हणजे त्या रात्री नट काय बोलला याचा पुरावा फक्त ती टेप, आणि कोण बोलतोय हेच माहीत नसेल तर संग्रहालयवाला तरी काय करणार. हे काम पुण्या-मुंबईच्या एक्स्पर्टला जमणार नाही, मालवणी समजणाऱ्या पोरालाच जमेल. अशा वीसेक फाईली नीट माहितीसकट तयार झाल्या की इंटर्नशिपच्या अर्जाला त्याच जोडायच्या, पण मंडळातल्या कलाकारांना विचारून हां, रेकॉर्डिंग आजोबांचं असलं तरी कला त्यांची आहे.

आणि ताई, तो जुना टेपरेकॉर्डर भंगारात देऊ नका, चांगले डेक आता सहजासहजी मिळत नाहीत.